दार वितळण्याआधी कागदावर उतरू द्या

गेल्या वर्षी एका दुपारी मी उज्जैनच्या पटनी बाजारातल्या चांदीकामाच्या एका कारखान्यात पोहोचले. एका जुन्या देवळाच्या गाभाऱ्याचे उजवे दार भिंतीला टेकवून ठेवले होते. डाव्या दाराचे नुसते लाकूड उरले होते, खिळ्यांच्या भोकांसकट. त्यावरचा चांदीचा पत्रा आदल्या संध्याकाळी उतरवला, तोलला आणि मुशीत गेला. कारागिरांनी मला बसायला स्टूल दिले, पाणी दिले, आणि उजव्या दाराला उद्या सकाळी हात लावणार असल्याचे सांगितले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. विश्वस्तांनी जुनी चांदी मोडीत घालून जाड पत्र्याचे नवे दार सांगितले होते. देवळाचे नाव मी लिहीत नाही. विश्वस्त भले लोक आहेत, आणि त्यांनी केले तेच गावोगाव चालते.

मी चौतीस वर्षे मुलींना चित्रकला शिकवली. हाताशी पातळ कागदाची गुंडाळी आणि मऊ शिसाच्या पेन्सिली होत्या. पत्र्यावर कागद चिकटपट्टीने बसवायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. पत्र्यावरचा उठाव आपसूक कागदावर येतो. सहा चौकटी होत्या. खाली हत्तींची रांग, वर कमळाची वेल, त्यावर फळाला चोच लावलेला पोपट, मग कोयऱ्यांची जाळी, सूर्यमुख आणि सगळ्यांत वर मोरांची जोडी. सातच्या सुमारास शेवटची चौकट उतरवली तेव्हा बोटे काळी झाली होती आणि मनात समाधान होते. डावे दार गेले तरी काय झाले, असे मला वाटत होते. दारांची जोडी म्हणजे आरशातले रूप. उजवे मिळाले म्हणजे डावेही मिळाले. घरी येऊन मी तोच कागद उलटा धरून डावे दार रेखाटलेसुद्धा.

तीन आठवड्यांनी विश्वस्तांच्या घरातला एक फोटो माझ्या हाती आला. १९७८ सालचे लग्न, जोडपे देवदर्शनाला आलेले, मागे बंद दार. वधूच्या खांद्यावरून डाव्या दाराची खालून तिसरी चौकट स्वच्छ दिसत होती. त्यातला पोपट फळ खात नव्हता. मान वळवून तो मागे पाहत होता, आणि त्याच्यापुढचे फळ अखंड होते. म्हणजे दोन दारे सारखी नव्हती. एकीकडे खाणारा पक्षी, दुसरीकडे नुसता पाहणारा. उपनिषदांतली एका झाडावरच्या दोन पाखरांची कल्पना त्या कारागिराने दारावर मांडली होती का, हे आता कोण सांगणार? बाकीच्या चौकटींमध्ये काय फरक होता, तेही गेले. खालचा सगळा भाग वधूच्या शालूने झाकला आहे.

तेव्हापासून मी एकच गोष्ट भेटेल त्याला सांगते, आणि आज ती वर्तमानपत्रातून सांगते आहे. देवळातली, चर्चमधली, दर्ग्यातली, कुठल्याही प्रार्थनास्थळातली जुनी नक्षीची वस्तू मोडण्याआधी ती कागदावर उतरवा. आणि नवी वस्तू घडवण्याआधी तिचे रेखाटन करा, त्या रेखाटनाचे पैसे द्या आणि ते जपून ठेवा.

रेखाटन म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण बरेच जण त्याला कच्चे काम समजतात. नक्षीचे काम करणारे जुने लोक आधी पूर्ण मापाचा कागद करत. त्याला खाका म्हणतात. रेघ मनासारखी झाली की तिच्यावरून टाचणीने जवळजवळ भोके पाडायची. कागद पत्र्यावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थोपटत न्यायची. भोकांतून पूड खाली उतरते आणि ठिपक्यांची रेघ उमटते. उंबऱ्यावर रांगोळी उठवायला आपल्याकडे भोकांचा कागद वापरत, तीच ही युक्ती. मग पत्रा राळेवर बसवून मागच्या बाजूने ठोकत उठाव काढायचा, पुन्हा उलटून पुढच्या बाजूने रेघ पक्की करायची. हात चालू झाला की विचार करायला सवड नसते. वेलीने कुठे वळायचे, हत्तीची सोंड कोपऱ्यात कशी मावायची, दार उघडल्यावर कुठली चौकट भक्ताच्या डोळ्यांसमोर येणार, हे सगळे कागदावर ठरते. दोन्ही बाजू सारख्या हव्या असतील तर कागद मधोमध दुमडून एकाच वेळी टोचता येतो. त्या दाराच्या कारागिराला हा सोपा मार्ग ठाऊक नव्हता असे होणार नाही. त्याने दोन पोपट वेगळे काढले, म्हणजे त्याला ते वेगळे हवे होते. त्याचा कागद राहिला असता तर हे मला लग्नाच्या फोटोतून कळायची वेळ आली नसती.

नक्षी हा पुरावा असतो, ही गोष्ट उज्जैनला तरी नीट कळायला हवी. आमच्या छत्री चौकातले गोपाळ मंदिर दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी एकोणिसाव्या शतकात बांधले. कागलच्या घाटग्यांची ही लेक. वैकुंठ चतुर्दशीला मध्यरात्री महाकाळाची पालखी इथे येते, हर आणि हरीची भेट होते, बेलाची माळ इकडे आणि तुळशीची माळ तिकडे जाते. त्या गर्दीत चांदीची दारे दाखवून मोठी माणसे लहानांना सांगतात की ही सोमनाथची दारे आहेत, गझनीच्या महमुदाने नेली आणि महादजी शिंद्यांनी लाहोराहून परत आणली. मीही ही गोष्ट आजीच्या कडेवर बसून ऐकली आहे आणि ती मला प्रिय आहे.

पण सोमनाथच्या दारांची अशीच आणखी एक गोष्ट इतिहासात घडून गेली आहे. पहिल्या अफगाण युद्धाच्या अखेरीस, १८४२ मध्ये, जनरल नॉटच्या फौजेने गझनीतल्या महमुदाच्या कबरीची लाकडी दारे काढून हिंदुस्थानात आणली. ही सोमनाथची चंदनी दारे असून आठशे वर्षांचा अपमान आता धुऊन निघाला, अशा अर्थाचा जाहीरनामा गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोने काढला. त्यावरून १८४३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात वादळ उठले आणि मेकॉलेने एलेनबरोवर सडकून टीका केली. पुढे जाणकारांनी दारे न्याहाळली. लाकूड चंदन नव्हे, देवदार निघाले. नक्षी गझनीच्याच घडणीची होती आणि तिच्यात कुफी लिपीतला लेख होता. दारे सोमनाथपर्यंत गेलीच नाहीत, आग्र्याच्या किल्ल्यात राहिली. गव्हर्नर जनरलच्या सहीचा कागद एका बाजूला आणि कोण्या अनाम सुताराची छिन्नी दुसऱ्या बाजूला होती, आणि अखेर छिन्नीचे म्हणणे खरे ठरले.

गोपाळ मंदिराच्या दारांचेही असे मोजूनमापून रेखाटन व्हावे असे मला वाटते. त्यातून आजीची गोष्ट खोटी पाडायची नाही. उद्या ती नक्षी माळव्यातल्या किंवा ग्वाल्हेरच्या हातांची निघाली तर मला त्यात मुळीच कमीपणा दिसणार नाही. बायजाबाईंच्या पदरी इतके सुंदर काम करणारी माणसे होती, हे आपल्याला कळेल. आज त्या माणसांच्या वाट्याला सोमनाथच्या गोष्टीपुढे काहीच येत नाही.

त्याच अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ मुंबईत कुलाब्याला एक चर्च उभे राहिले. नाव सेंट जॉन, पण सगळी मुंबई त्याला अफगाण चर्च म्हणते. १८५८ मध्ये त्याचा अभिषेक झाला. आतली जाळी, वेदीमागची पडदी, बाके, फरशीची नक्षी ही विल्यम बटरफील्ड या लंडनच्या वास्तुकाराच्या कल्पनेतली आहे. मुंबईला बहिणीकडे गेले की मी तिथे जाते. एका बाकावर बसून समोरच्या जाळीतली एक कमान वहीत काढते. लंडनमध्ये कागदावर ओढलेली रेघ समुद्र ओलांडून कुलाब्यात आली आणि तिची वस्तू झाली, हा मला कागदाचा मोठा पराक्रम वाटतो.

बटरफील्डच्या थोडा आधी ऑगस्टस प्युजिन होऊन गेला. चर्चमधला प्याला, दीपदान, दाराची बिजागरी, पाद्र्याच्या झग्याचा काठ, यांतले काहीही त्याला क्षुल्लक वाटत नसे. सगळे तो स्वतः रेखाटायचा आणि बर्मिंगहॅमला जॉन हार्डमनच्या कारखान्याकडे धाडायचा. १८५२ मध्ये, अवघ्या ४० वर्षांचा असताना तो गेला. त्याची रेखाटने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपलेली आहेत, आणि त्याने सजवलेल्या चर्चमधली एखादी वस्तू झिजली तर दुरुस्ती करणाऱ्याला अंदाजावर काम करावे लागत नाही. इंग्लंडच्या चर्चचा एक नियम मला फार आवडतो. तिथल्या जुन्या चर्चमधली बाके काढून टाकायची असली तरी धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि अर्जासोबत काय आहे व काय होणार याचे आराखडे जोडावे लागतात. वस्तू बदलते, पण तिचा कागद मागे राहतो.

हे सगळे साहेबाचे कौतुक म्हणून सांगत नाही. या कागदांनी एक अन्यायही केला आहे, आणि तो पाहायला गोव्यापर्यंतच जावे लागते. जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये वेदीमागे छतापर्यंत गेलेली सोनेरी लाकडी कोरीव भिंत पाहिली की मान अवघडते, इतकी ती उंच असते. तिचे नमुने युरोपातून चित्रांच्या आणि छापांच्या रूपाने आले, पण लाकडावर चाललेले हात इथल्या सुतारांचे, चारींचे होते. त्यांनी कागदावरची रेघ जशीच्या तशी गिरवली नाही. गोव्यातल्या काही पुल्पिटांच्या, म्हणजे प्रवचनाच्या उंच मंचांच्या, बुडाशी कमरेखाली सापासारखे अंग असलेल्या आकृती भार पेलून उभ्या आहेत. ज्याने नागपंचमीला वारूळ पुजलेले पाहिले आहे, त्याला त्या नागकन्या ओळखायला वेळ लागत नाही. सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात हस्तिदंताच्या, चांदीच्या, लाकडाच्या अशा वस्तू जवळून पाहता येतात. बटरफील्डचे नाव राहिले, प्युजिनचे राहिले. लाकडात नागकन्या आणणाऱ्या चारींची नावे मात्र त्या वस्तूंवर नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की रेखाटनावर दोन नावे हवीत, काढणाऱ्याचे आणि घडवणाऱ्याचे.

उज्जैनला कागदाचे मोल शिकवणारा माणूस दूर शोधायला नको. विष्णू श्रीधर वाकणकर, आमच्यासाठी वाकणकर सर, याच गावात राहिले. १९५७ मध्ये भीमबेटकाच्या गुहा त्यांनी जगासमोर आणल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते मुळात चित्रकार होते. या गावात त्यांनी भारती कला भवन उभारले, मुलांना रेघ शिकवली, आणि खांद्यावर सामान टाकून डोंगरदऱ्यांतली शैलचित्रे आयुष्यभर कागदावर उतरवत राहिले. त्यांच्याकडे कॅमेराही असे, तरी ते रेखाटत. फोटो एका क्षणात निघतो. रेखाटताना मात्र प्रत्येक रेघेपाशी थांबून ती कुठून निघाली आणि कुठल्या रेघेवरून गेली, हे ठरवावे लागते. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९८८ मध्ये ते गेले, आणि २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा झाले. दगड हजारो वर्षे टिकतो, तरीही सरांनी त्याची नक्कल करून ठेवली. आणि चांदी तर एका संध्याकाळी वितळते.

ही घाई आत्ताच का, याचे कारण पंचांगात आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आणि त्याच्या पाठोपाठ २०२८ चा उज्जैनचा. दोन्हीकडे देवळांना रंग लागेल, नवी दारे बसतील, पालख्या मढवल्या जातील, मखरे आणि प्रभावळी नव्या होतील. देणगीदार पुढे येतील आणि त्यांना सिंहस्थाआधी काम पुरे हवे असेल. अशा घाईत जुन्याचे वजन होते आणि नवे मोबाइलवर आलेल्या फोटोंतून निवडले जाते. मग इंदूरचा मोर उज्जैनला येतो, उज्जैनचा नाशिकला जातो, आणि सगळ्या गाभाऱ्यांच्या दारांवर एकच मोर उभा राहतो.

चांदी कधी काढूच नये असे मी म्हणत नाही. २०२४ मध्ये पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या जतनाचे काम झाले, गाभाऱ्यातले चांदीचे आवरण उतरवले आणि खालचा जुना दगड पुन्हा दिसला. अनेक वारकऱ्यांप्रमाणे मलाही ते रूप पाहून भरून आले. काढणे कधीकधी योग्यच असते. पण त्या चांदीवरही कुणाची तरी श्रद्धा आणि कुणाचा तरी हात होता. दगड मोकळा करतानाही चांदीची नक्षी आधी कागदावर यावी, एवढेच मागणे आहे.

माझे हे बोलणे ऐकून तीन प्रश्न हमखास येतात. पहिला असा की मोबाइलमध्ये फोटो काढला तर पुरे नाही का? फोटो जरूर काढा, शंभर काढा. पण चांदीवर दिवा चमकतो आणि नेमकी नक्षी पांढऱ्या डागात नाहीशी होते. फोटोत माप नसते, आणि उठाव बोटभर होता की नखभर तेही कळत नाही. दुसरा प्रश्न खर्चाचा असतो. मला त्या देवळाचे नव्या दाराचे बिल दाखवले. त्यात चांदीचे वजन होते, घडणावळ किलोमागे होती, लाकूड, खिळे, पॉलिश आणि हमालीसुद्धा होती. रेखाटनाची ओळच नव्हती. ज्याचा दर नाही ते काम कोण करणार? किलोभर चांदीच्या घडणावळीएवढी रक्कम जरी रेखाटनाला दिली तरी गावातला एखादा तरुण चित्रकार महिनाभर मन लावून बसेल. तिसरा प्रश्न भक्तीचा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. देवाला जुने कशाला, नवे द्यावे, असे लोक म्हणतात. द्यावे, जरूर द्यावे. पण ज्याने आधी दिले त्याचे देणेही देवाला पोहोचले होते. आपण दारावर देणगीदाराचे नाव कोरतो. त्याआधी शंभर वर्षे जी नक्षी भक्ताला नमस्कारासाठी थांबवत आली, तिला निरोप देताना एक दिवस तरी तिच्यासमोर बसायला नको का?

म्हणून देवस्थानांच्या समित्यांना, विश्वस्तांना आणि दोन्ही राज्यांतल्या मेळ्याच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. जुनी नक्षीची वस्तू उतरवण्याआधी दोन दिवस ठेवा आणि त्या दोन दिवसांत पूर्ण मापाचे रेखाटन व घासून घेतलेला ठसा करून घ्या. दोन्ही दारांचा, दोन्ही बाजूंचा, सारखे दिसत असले तरी. एक प्रत देवळात आणि एक जवळच्या महाविद्यालयात किंवा ग्रंथालयात असू द्या. नव्या कामाच्या करारात रेखाटनाची वेगळी रक्कम लिहा आणि त्यावर चित्रकाराची व कारागिराची अशा दोन्ही सह्या घ्या. चित्रकला शिकवणाऱ्या संस्थांना हे काम विद्यार्थ्यांचा अभ्यास म्हणून द्या. मुलांना फुलदाणी आणि सफरचंद काढायला आपण किती वर्षे बसवणार? त्यांना समईसमोर बसवा, पालखीच्या दांड्यावरच्या वाघमुखासमोर बसवा, गावातल्या चर्चच्या वेदीसमोर बसवा. माझ्या शाळेतल्या मुली महाकाळाच्या सोमवारच्या सवारीच्या वाटेवर उभ्या राहून पालखीची झालर वहीत काढत, आणि पुढच्या सोमवारी चुकलेला काठ दुरुस्त करायला पुन्हा येत. एवढ्या लहान वयातही त्यांना कळायचे की आपण काढतो आहोत ते कुणीतरी आधी आपल्यासारखेच बसून काढले होते.

त्या देवळाच्या विश्वस्तांना मी उजव्या दाराच्या सहा चौकटींचे कागद दिले आहेत. त्यांनी ते काच लावून ठेवायचे कबूल केले, आणि पुढच्या कामाआधी मला कळवण्याचेही. डाव्या दाराचे माझे उलटे रेखाटन मी फाडून टाकले, कारण ते खोटे होते. त्याच मापाचा नवा कागद माझ्या टेबलावर पसरलेला आहे. त्यावर वरून चौथ्या चौकटीत मागे वळून पाहणारा एक पोपट आहे, फोटोवरून मोजून काढलेला. बाकी कागद कोरा आहे.

तुमच्या घरातही लग्नाचे, मुंजीचे, पहिल्या देवदर्शनाचे जुने फोटो असतील. या रविवारी ते काढा, आणि या वेळी माणसांच्या मागे काय आहे ते पाहा. तुमच्या गावच्या देवळाचे दार असेल, ग्रामदेवीचे मखर असेल, वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चची वेदी असेल. ती वस्तू आज जागेवर नसेल तर फोटोची एक प्रत देवळात किंवा चर्चमध्ये नेऊन द्या. ती अजून जागेवर असेल, तर मुलांना घेऊन तिच्यासमोर बसा. सोबत मोजपट्टी आणि मोठा कागद न्या.